माहेरच्या गावाला कायमची देणगी: सांगलीत कोणती वाट खरंच चालते?

पतीच्या पश्चात एखाद्या बाईंना आपल्या माहेरच्या गावासाठी दहा-वीस लाख रुपये कायमचे द्यायचे असतील, तर सांगली जिल्ह्यात आज चार वाटा आहेत. गावातल्या चालत्या संस्थेकडे कायमनिधी ठेवायचा, स्वतःचा न्यास (ट्रस्ट) नोंदवायचा, जमीन किंवा घर बक्षीसपत्राने द्यायचं, नाहीतर मृत्युपत्रात लिहून ठेवायचं. या चारही वाटांना कागद किती लागतात, त्या कुठे अडतात आणि दहा-पंधरा वर्षांनी गावाच्या हाती काय उरतं, ते इथे तपासलं आहे. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. बहुतेक जणींसाठी पहिली वाट बरोबर आहे, पण सोबत एक नीट लिहिलेलं पत्र हवं. पत्र नसेल तर हीच वाट सगळ्यांत वाईट.

टिकणारी देणगी कशी असते ते समजायला जर्मनीतल्या एस्सेन शहराचं उदाहरण चांगलं आहे. मार्गारेथे क्रुप्प यांचे पती फ्रीडरिश आल्फ्रेड क्रुप्प 1902 मध्ये गेले. पोलादाचा प्रचंड कारखाना थोरल्या मुलीकडे, बेर्टाकडे आला आणि तिचं लग्न होईपर्यंत त्याची जबाबदारी आईने सांभाळली. 1906 मध्ये बेर्टाच्या लग्नाच्या निमित्ताने मार्गारेथेबाईंनी बेताच्या मिळकतीच्या लोकांना घरं मिळावीत म्हणून एक प्रतिष्ठान स्थापन केलं. त्याला 10 लाख मार्क आणि 50 हेक्टर, म्हणजे सुमारे 124 एकर जमीन दिली. गेऑर्ग मेत्सेनडोर्फ या वास्तुरचनाकाराने 1909 पासून तिथे वसाहत उभारायला घेतली. बांधकाम टप्प्याटप्प्याने 1938 पर्यंत चाललं. आपली किर्लोस्करवाडी 1910 ची, म्हणजे दोन्ही वसाहती एकाच काळातल्या. बाईंचा जन्म ब्रेस्लाऊचा, एस्सेन हे त्यांचं सासर. आपल्याकडच्या बायकांचा जीव जसा माहेरात अडकतो, तसा त्यांचा सासरच्या शहरात अडकला असावा. मार्गारेथनह्योए नावाची ती वसाहत आजही त्याच प्रतिष्ठानाकडे आहे आणि लोक तिथे भाड्याने राहतात.

यात शिकण्यासारखं बरंच आहे. बाईंनी कमावणारी वस्तू दिली: जमीन, तिच्यावर घरं, घरांचं भाडं आणि त्या भाड्यातून घरांची देखभाल. हेतू कागदावर होता आणि सांभाळायला घराण्यापासून वेगळी संस्था होती. 1923 मध्ये जर्मनीत चलनाची किंमत कोसळली, तेव्हा नुसती रोकड आणि रोखे धरून बसलेल्या अनेक जुन्या धर्मादाय संस्थांचा निधी कवडीमोल झाला. जमीन आणि घरं असलेल्या तगल्या. आपल्याकडे तेवढी महागाई येणार नाही, पण बँकेतल्या ठेवीला तीच कीड हळूहळू लागत असते. तो हिशेब पुढे येईलच.

आता पहिली वाट. कायमनिधी म्हणजे मूळ रक्कम तशीच ठेवून फक्त व्याज खर्चायचं. गावातलं वाचनालय, संस्थेचं हायस्कूल, मुलींचं वसतिगृह, यांपैकी जे धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं आहे आणि दरवर्षी लेखापरीक्षण करून घेतं, तिथे ही वाट धरावी. पैसे धनादेशाने किंवा आरटीजीएसने द्यावेत. रोख 2,000 रुपयांच्या वर दिले तर आयकरात सवलत मिळत नाही, आणि 2 लाख किंवा जास्त रोख एका व्यवहारात स्वीकारणं संस्थेलाही कायद्याने बंद आहे. दागिने मोडून देणगी द्यायची असेल तर सराफाकडून पैसे आधी स्वतःच्या खात्यावर घ्यावेत आणि मोडीचं बिल जपून ठेवावं.

पैशांबरोबर पत्र द्यायचंच. ते नसेल तर देणगी साधी समजली जाते, वर्षाच्या खर्चात मिसळते आणि तीन वर्षांत तिचा माग लागत नाही. देणगीदाराने लेखी कळवलेलं असेल तरच ती रक्कम हिशेबात कायमनिधी म्हणून धरता येते, त्यामुळे पावतीवरही 'कायमनिधी' हा शब्द हवा. पत्राचा मजकूर साधारण असा असावा:

"सोबत रु. 10,00,000 चा धनादेश कायमनिधी म्हणून देत आहे. मूळ रक्कम खर्च करू नये. ती शेड्यूल्ड बँकेत संस्थेच्या नावे स्वतंत्र मुदत ठेव म्हणून ठेवावी. दरसाल मिळणाऱ्या व्याजापैकी रु. 20,000 किंवा त्या वेळच्या मुद्दलाच्या 2 टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते मुद्दलात मिळवावं. उरलेलं व्याज आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींच्या वसतिगृह खर्चासाठी वापरावं. हे उद्दिष्ट पूर्ण करणं अशक्य झाल्यास व्याज गावातल्या वाचनालयाच्या पुस्तकांसाठी द्यावं. दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत या निधीचा जमाखर्च मला, आणि माझ्या पश्चात पुढे नाव दिलेल्या व्यक्तीला लेखी कळवावा."

यातलं प्रत्येक वाक्य काही ना काही अडचण टाळण्यासाठी आहे. मुद्दलात थोडं परत टाकायचं वाक्य घेऊ. 10 लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 65,000 रुपये येतात. मुलीमागे 5,000 धरले तर पहिल्या वर्षी तेरा मुलींना मदत होते. महागाई वर्षाला 5 टक्के धरली तर पंधरा वर्षांनी त्याच मदतीला सुमारे 10,400 रुपये लागतील. व्याज मात्र 65,000 च राहील आणि मदत जेमतेम सहा मुलींना पुरेल. त्याऐवजी पहिल्या वर्षी 45,000 वाटून 20,000 मुद्दलात टाकले आणि पुढेही 2 टक्के टाकत राहिलं, तर विसाव्या वर्षी वाटायची रक्कम 65,000 च्या पुढे जाते आणि मुद्दल साडेचौदा लाखांवर पोहोचतं. सुरुवातीला नऊच मुलींना मदत होते, हे देणगीदाराला जड जातं. आम्हालाही जातं. पण मूल आज पाळण्यात आहे, ते हायस्कुलात येईल तेव्हा निधीत जीव असला पाहिजे. व्याजाचा दर साडेसहाच राहील असंही नाही, म्हणून पत्रात वाटायची रक्कम आकड्यात बांधू नये. 'उरलेलं व्याज' एवढंच लिहावं.

एक अडचण इथे संभवते. आयकराची सूट घेणाऱ्या न्यासाला वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के कामावर खर्च करावे लागतात. हा हिशेब संस्थेच्या एकूण उत्पन्नावर होतो, त्यामुळे चालत्या संस्थेला एका निधीतले वीस हजार मुद्दलात टाकायला सहसा त्रास होत नाही. तरी संस्थेच्या सीएला हे वाक्य आधी दाखवून घ्यावं.

ठेव कुठे ठेवायची यावर अजिबात भिडस्तपणा करू नये. सांगली जिल्ह्याने बुडालेल्या पतसंस्था आणि ठेवी अडकलेल्या सहकारी बँका पाहिलेल्या आहेत. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंतच असतं, आणि पतसंस्थेला ते मुळीच नाही. संस्थेचे अध्यक्ष एखाद्या पतसंस्थेचेही संचालक असतात, एक टक्का जास्त व्याजाचा आग्रह होतो आणि निधी तिकडे जातो. असा आग्रह झाला तर पत्रातल्या 'शेड्यूल्ड बँक' (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतली बँक) या शब्दांवर बोट ठेवता येतं.

रक्कम स्वीकारताना संस्थेच्या कार्यकारिणीने ठराव करावा, पत्रातल्या अटी त्यात जशाच्या तशा उतराव्यात आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल देणगीदाराने घ्यावी. दहा वर्षांनी अध्यक्ष बदलतो, सचिव बदलतो, कपाटही बदलतं. प्रोसिडिंग बुकातला ठराव तेवढा राहतो. पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात निधी स्वतःच्या नावाने वेगळ्या ओळीत दिसायला हवा. 'इतर निधी' या शीर्षाखाली गेला असेल तर त्याच वर्षी लेखी दुरुस्ती मागावी.

हेतू निवडताना शासन आधीच काय देतं ते पाहावं. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. त्यासाठी निधी ठेवला तर तो पडून राहतो. वसतिगृहाचं जेवण, प्रयोगशाळेतली रसायनं आणि काचसामान, वाचनालयाची नियतकालिकं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ही कायम कमी पडणारी खाती आहेत. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. ते सोनं मुलांच्या जेवणाला लागलं. देणगीदाराला इमारत दिसते, पाटी दिसते. रोजचा खर्च दिसत नाही, आणि संस्था बहुधा त्यावरच अडते.

नदीकाठच्या संस्थांसाठी पत्रात आणखी एक कलम हवं. 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट आहे. नगर वाचनालयात पाणी शिरून अनमोल पुस्तकं भिजली. 2021 मध्ये पुन्हा पूर आला. तेव्हा 'नैसर्गिक आपत्तीत कार्यकारिणीच्या ठरावाने मुद्दलातून जास्तीत जास्त 20 टक्के दुरुस्तीसाठी वापरता येतील, ते पाच वर्षांत व्याजातून परत भरावेत' असं लिहावं. हे नसेल तर दोन गोष्टी होतात. प्रामाणिक संस्था चिखलात उभी असताना स्वतःच्याच ठेवीला हात लावू शकत नाही, आणि दुसरी एखादी आपत्तीच्या नावाखाली सगळी ठेव मोडते.

दुसरी वाट, स्वतःचा न्यास. पतीच्या नावाने न्यास असावा ही इच्छा अगदी समजण्यासारखी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली न्यास झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. न्यासपत्र, विश्वस्तांची संमतिपत्रं, ओळखपत्रं, प्रतिज्ञापत्र आणि कार्यालयाच्या जागेच्या मालकाचं ना हरकत पत्र लागतं. चौकशी होऊन न्यासाला क्रमांक मिळतो. इथवरचं काम चांगला वकील सहज करून देतो. दमछाक पुढे होते. दरवर्षी लेखापरीक्षण आणि आयकराचं विवरणपत्र आलं. सवलतीची नोंदणी आधी तात्पुरती मिळते आणि मग ठरावीक मुदतीने नव्याने करावी लागते. विश्वस्त वारला, राजीनामा दिला किंवा नवा घेतला, की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करण्याचा अर्ज, दाखल करायचा. गावोगावचे लहान न्यास इथेच गळतात. पहिला चेंज रिपोर्ट राहतो, मग दुसरा त्याच्यावर अवलंबून अडकतो, आणि पंधरा वर्षांनी कागदावर हयात असलेला एकच विश्वस्त उरतो. बँक त्याच्या एकट्याच्या सहीने खातं चालू देत नाही.

10 लाखांच्या निधीवर 65,000 व्याज धरलं तर सीए, वकील आणि येण्याजाण्याचा खर्च त्यातला मोठा घास घेतो. स्वतंत्र न्यास करायचा तर निधी किमान 50 लाखांचा असावा आणि घराबाहेरचे निदान तीन विश्वस्त वेळ द्यायला तयार असावेत, असं आमचं मत आहे. नाव हवं असेल तर ते कायमनिधीलाही देता येतं, त्याला वेगळा खर्च पडत नाही. जर्मनीतही लहान देणगीदार चालत्या प्रतिष्ठानाच्या मूळ निधीत आपली भर घालतात; तिकडे त्याला वेगळा शब्दच आहे, त्सुश्टिफ्टुंग.

तिसरी वाट जमिनीची. कमावणारी वस्तू म्हणून ही सगळ्यांत भक्कम आणि कागदासाठी सगळ्यांत अवघड. आधी सातबारा पाहा. पतीच्या नावावर असलेली जमीन मृत्युपत्र नसताना पत्नी, मुलं आणि सासू हयात असतील तर त्यांनाही सारख्या वाट्याने जाते. वारसनोंद होऊन फेरफार मंजूर झाल्याशिवाय आणि हिस्सा वेगळा झाल्याशिवाय बाईंनी सगळं क्षेत्र दान देणं म्हणजे भाच्या-पुतण्यांच्या दाव्यांना आमंत्रण. स्वतःच्या वाट्याला आलेल्या मिळकतीवर मात्र हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 ने तिची पूर्ण मालकी असते. 'हयातीपुरतीच' हा समज 1956 पासून चुकीचा आहे, जोवर मृत्युपत्रात किंवा दस्तात तशी अट घातलेली नाही.

दुसरा अडसर म्हणजे शेतजमीन. न्यास शेतकरी नसतो, त्यामुळे कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नसेल तर असं हस्तांतर टिकत नाही. दस्त नोंदवला गेला तरी फेरफाराला हरकत येते आणि जमीन दोन्हीकडे अडकून पडते. गावठाणातलं घर किंवा बिगरशेती प्लॉट असेल तर काम सुटसुटीत होतं. बक्षीसपत्रावर देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी हवीच; संस्थेने दान देणारी हयात असतानाच ते स्वीकारलं पाहिजे, म्हणून स्वीकृतीचा ठराव दस्ताला जोडावा. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या (सरकारी दरतक्त्याच्या) मूल्यांकनावर, परक्याला बक्षीस म्हणून खरेदीखताच्या दरानेच लागतं. मुला-नातवंडांना मिळणारी सवलत संस्थेला नाही. पुष्कळ जणी हे ऐकून दाराशीच थबकतात, तेव्हा खर्च कोण भरणार ते आधी ठरवावं. राहतं घर देत असाल तर 'हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून' हे शब्द दस्तात घालावेत. एकदा दिलेलं बक्षीस मन बदललं म्हणून परत घेता येत नाही.

नदीकडेचा प्लॉट असेल तर पाटबंधारे विभागाची निळी आणि लाल पूररेषा तपासून घ्यावी. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होत नाही, मग संस्थेच्या हाती सांभाळायचा नुसता तुकडा येतो.

दिलेली मिळकत संस्थेने विकू नये ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. धर्मादाय आयुक्तांची परवानगी असल्याशिवाय न्यासाला स्थावर विकता येत नाही. बिगरशेती जागा तीन वर्षांहून आणि शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतानाही परवानगी लागते. हे संरक्षण चांगलं आहे, पण दस्तात हेतू मोघम लिहिला असेल तर परवानगी मागताना संस्थेला मोकळं रान मिळतं.

मृत्युपत्राची वाट स्वस्त आहे. दोन साक्षीदारांसमोर सही केली की पुरते, नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. चूक एकच पण वारंवार दिसणारी: 'गावच्या शाळेला' असं लिहिलेलं असतं. गावात जिल्हा परिषदेची शाळा असते आणि संस्थेचं हायस्कूलही असतं. संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या व्यवस्थापकाचं नाव लिहावं. जमेल तेवढं हयातीतच द्यावं, म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं व्याज कसं खर्च होतं ते स्वतः पाहता येतं.

वस्तू देण्याबद्दल थोडं. जत, कवठे महांकाळकडच्या गावांना पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र द्यायची इच्छा अनेकांना होते. क्षारांच्या पाण्यावर त्याचा मेंब्रेन (पाणी गाळणारा पडदा) दोन-तीन वर्षांत चोंदतो, आधीचे फिल्टर वर्षातून एकदा-दोनदा बदलावे लागतात, आणि वीजबिल कोणाच्या नावावर हे ठरलेलं नसलं की वीज तोडली जाऊन यंत्र बंद पडतं. यंत्राच्या किमतीएवढीच रक्कम देखभालीसाठी ठेव म्हणून द्यावी, नाहीतर यंत्र देऊच नये. रुग्णवाहिकेचंही तसंच: चालकाचा पगार, विमा आणि डिझेल. शाळाखोली बांधून देताना बांधकामखर्चाच्या 2 टक्के दरसाल डागडुजीला लागतील असं धरावं. छताची गळती पहिल्या चार-पाच पावसाळ्यांतच सुरू होते.

आयकराच्या सवलतीवर फार भिस्त ठेवू नये. 80जी म्हणून ओळखली जाणारी सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते. नवी पद्धत आता आपोआप लागू होते, त्यामुळे कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्या बहुतेक बायकांना तिचा उपयोग होत नाही. जुनी पद्धत निवडलेली असेल तर साधारणतः देणगीच्या निम्म्या रकमेची, तीही मर्यादेत, वजावट मिळते, आणि त्यासाठी संस्थेने देणगीचं विवरण आयकर खात्याला भरून दाखला द्यायला हवा. नुसती छापील पावती चालत नाही.

मुलगी-जावई परदेशात असतील आणि त्यांनाही भर घालायची असेल तर पासपोर्ट पाहा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मुलीने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम विदेशी देणगी धरली जात नाही. तिने जर्मन नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते. मग संस्थेला एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक शाखेतलं खातं लागतं. तालुक्याच्या वाचनालयाकडे हे सहसा नसतं. संस्थेने अजाणता अशी रक्कम साध्या खात्यावर घेतली तर अडचण देणाऱ्याला नाही, संस्थेला होते.

संस्था निवडायला गेल्यावर धर्मादाय कार्यालयाचा अनुसूची 1 चा उतारा (न्यासाची आणि विश्वस्तांची अधिकृत नोंद), गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि आधीच्या कायमनिधींच्या ठेव पावत्या पाहायला मागाव्यात. उताऱ्यावरच्या विश्वस्तांची नावं आणि समोर बसलेल्या माणसांची नावं जुळतात का, हे सगळ्यांत आधी पाहावं. जुळत नसतील तर चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत धनादेश पर्समध्येच ठेवावा.